डिफरन्शिअल लॉकर स्वस्तातला घ्यावा की महागातला? सातारा-सांगली भागातील नवख्या ऑफ-रोड चालकांसाठी

पावसाळ्यात मिरज-वाळव्याकडच्या एखाद्या पाणंदीत किंवा पाटण खोऱ्यातील लाल मातीच्या चढावर फोर बाय फोर गाडी रुतते, तेव्हा चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची प्रत्यक्षात दोनच चाके गरगर फिरत आहेत आणि उरलेली दोन जागच्या जागी उभी आहेत, हे पाहून नवखा चालक चक्रावून जातो. मग कोणीतरी लॉकर बसवून घेण्याचा सल्ला देतो, चौकशी सुरू होते आणि एकाच कामासाठीच्या वस्तूंच्या किमतींत तिप्पट-चौपट अंतर दिसू लागते. या टप्प्यावर आलेल्यांसाठी हा लेख आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. साध्या रचनेचा स्वस्त लॉकर योग्य गाडीत उत्तम चालतो आणि नामांकित कंपनीचा महाग लॉकरही चालतो. पैसे बुडतात ते गुंतागुंतीच्या रचनेची स्वस्त नक्कल घेतल्यावर.

१. लॉकर काय करतो ते समजून घ्या

ज्यांनी ट्रॅक्टर चालवला आहे त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. काळ्या रानात ट्रॅक्टरचे एक चाक घसरू लागले की टाचेजवळचे डिफ लॉकचे पेडल दाबायचे, दोन्ही चाके एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. गाडीतला लॉकर हेच काम करतो.

डिफरन्शिअल म्हणजे एक्सलच्या मध्यावरचा, वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच. साधा डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतो, आणि तो किती मिळणार हे कमी पकड असलेल्या चाकावर ठरते. चिखलातले चाक १०० न्यूटन मीटरलाच घसरत असेल, तर कोरड्या दगडावर उभ्या असलेल्या दुसऱ्या चाकालाही साधारण १०० न्यूटन मीटरच मिळतात, मग इंजिन कितीही मोठे असो. फोर बाय फोरचा लिव्हर ओढल्याने पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना जोडला जातो, पण प्रत्येक एक्सलच्या आतला डिफरन्शिअल मोकळाच राहतो. त्यामुळे पुढचे एक आणि मागचे तिरप्या कोपऱ्यातले एक चाक उचलले गेले की गाडी थांबते. लॉकर डाव्या-उजव्या चाकांना एकाच वेगाने फिरायला लावतो आणि मग ज्या चाकाला पकड आहे ते स्वतःच्या पकडीइतका जोर लावू शकते.

२. आपल्या गाडीत आधीपासून काय आहे ते तपासा

ही पायरी अनेक जण वगळतात आणि असलेल्या वस्तूवर पुन्हा खर्च करतात. फोर्स गुरखामध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे यांत्रिक लॉक कंपनीकडूनच येतात. अलीकडच्या फोर बाय फोर फॉर्च्युनर आणि हायलक्स यांना मागे बटणावर चालणारा लॉक असतो, तसेच २०२४ साली आलेल्या थार रॉक्सच्या फोर बाय फोर प्रकारांनाही. जिम्नीमध्ये लॉकर नाही. घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर वळवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आहे. २०२० नंतरच्या तीन दरवाजांच्या थारमध्ये प्रकारानुसार मागे यांत्रिक लॉकिंग डिफरन्शिअल किंवा अशीच ब्रेकवर चालणारी व्यवस्था मिळते, म्हणून आपला नेमका प्रकार आरसी आणि कंपनीचे माहितीपत्रक समोर ठेवून पाहावा.

थारमधला यांत्रिक लॉक ज्यांच्याकडे आहे, त्यांनी नवा खर्च करण्यापूर्वी तो वापरायला शिकावे. या ईटन कंपनीच्या रचनेत दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की आतली फिरती वजने बाहेर फेकली जातात, खटक्यात अडकतात आणि एक्सल लॉक होतो; ताशी तीसेक किलोमीटरच्या वर मात्र ती लॉक होत नाही. नवखा चालक चाक फिरताच घाबरून अॅक्सिलरेटर सोडतो. त्यामुळे आवश्यक तेवढा फरकच पडत नाही, आणि ‘कंपनीचा लॉक कामाचा नाही’ अशी तक्रार सुरू होते. अॅक्सिलरेटर हलका पण स्थिर धरून चाक थोडे फिरू दिले, तर आतून ‘टक्’ असा आवाज येतो आणि गाडी पुढे सरकते.

३. गाडी कोणत्या रस्त्यावर जास्त चालते याचा प्रामाणिक हिशेब मांडा

लॉकरची निवड चिखलावरून करू नये, डांबरावरून करावी. चिखलात बहुतेक सगळे लॉकर सारखेच काम करतात. फरक पडतो तो पसरणी घाटात, यवतेश्वरच्या वळणांवर किंवा कुंभार्ली उतरताना, आणि तोही पाऊस पडत असताना. आठवडाभर कऱ्हाड-सातारा ये-जा करणारी आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात जाणारी कुटुंबाची एकुलती एक गाडी, आणि शेतावर पडून असलेली, महिन्यातून चार वेळा पाणंदीत उतरणारी जुनी जीप, या दोघींना एकच उत्तर देता येत नाही.

टायर जुने, गुळगुळीत असतील तर लॉकरचा विचार आधी करूच नये. बऱ्या ऑल-टेरेन टायरांची हवा चिखलात १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली, तर ज्या ठिकाणी लॉकर हवा असे वाटत होते त्यांतली बरीच ठिकाणे तशीच पार होतात. टायर, मजबूत टो हुक, ओढण्याचा पट्टा आणि हवा भरण्याचा पंप हा खर्च झाल्यावर जे पैसे उरतील, ते लॉकरचे.

४. प्रकार ओळखा

स्वस्तातला मुख्य प्रकार म्हणजे लंचबॉक्स लॉकर. यात मूळ डिफरन्शिअलचा केज, म्हणजे गिअर धरून ठेवणारा बाहेरचा सांगाडा, तसाच राहतो. आतले छोटे गिअर (स्टार पिनियन आणि सन गिअर) काढून त्यांच्या जागी दातेरी जोडण्या बसवल्या जातात. लॉक-राइट आणि ऑसी लॉकर ही या प्रकारातली जुनी नावे आहेत. हा लॉकर एरवी लागलेलाच असतो. वळणावर बाहेरचे चाक जास्त वेगाने फिरू लागले की दाते एकमेकांवरून सरकतात आणि ‘कट कट’ असा आवाज येतो. तो आवाज बिघाडाचा नसतो. बटण नाही, वायर नाही, हवेची नळी नाही, त्यामुळे बिघडण्यासारखे फारसे काही नसते, आणि हेच त्याचे खरे भांडवल आहे.

त्याची मर्यादा रस्त्यावर कळते. वळणात अॅक्सिलरेटर दाबला की दोन्ही चाके एकत्र होतात आणि सोडला की सुटतात. ही अदलाबदल घाटातल्या ओल्या वळणाच्या मध्यावर झाली तर मागचा भाग अचानक बाजूला सरकू शकतो. जिप्सी किंवा जुन्या जीपसारख्या आखूड व्हीलबेसच्या गाडीत हा झटका जास्त जाणवतो, लांब गाडीत कमी. चालकाला त्याची सवय होते, हे खरे. पण घरातली दुसरी व्यक्ती तीच गाडी घेऊन बाहेर पडणार असेल तर त्या सवयीवर विसंबून चालणार नाही. शिवाय केज मूळचाच राहिल्याने ताकदीची मर्यादाही मूळचीच राहते. ३३ इंची टायर लावून दगडांवर जोर काढणाऱ्याने हा प्रकार घेऊ नये.

यापुढची पायरी पूर्ण केजच्या स्वयंचलित लॉकरची. डेट्रॉइट लॉकर हे त्यातले सर्वांत परिचित नाव. वागणूक लंचबॉक्ससारखीच, पण केजसह संपूर्ण रचना नवी आणि बरीच मजबूत. किंमत मध्यम, बसवण्याची मेहनत मात्र महागड्या लॉकरइतकीच लागते.

महागातला प्रकार म्हणजे हवा तेव्हा लावता आणि सोडता येणारा लॉकर. मेलबर्नच्या एआरबी कंपनीने १९८७ मध्ये रॉबर्ट्स डिफ लॉकचे हक्क घेऊन हवेवर चालणारा लॉकर जगभर पोचवला. ईटन आणि हॅरप यांचे लॉकर विजेच्या चुंबकावर चालतात. बटण बंद असताना गाडी कंपनीतून आल्यासारखीच वळते, आणि रोज घाटातून जाणाऱ्याने पैसे मोजायचे ते याच गोष्टीसाठी. हवेच्या प्रकाराला कॉम्प्रेसर, सोलेनॉइड (विजेवर उघडणारी हवेची झडप) आणि नळी लागते. कॉम्प्रेसरचा एक फायदा खर्चात धरलाच पाहिजे, तो म्हणजे चिखलासाठी उतरवलेली टायरची हवा डांबरावर येण्याआधी त्याच्यानेच भरता येते. विजेच्या प्रकाराला फक्त वायरिंग लागते, म्हणून बसवणे सोपे. मात्र आपल्या एक्सलसाठी तो उपलब्ध असायला हवा.

आता नकलेविषयी. हवेच्या लॉकरमध्ये फिरणाऱ्या केजला स्थिर नळीतून हवा पोचवायची असते आणि तो सांधा केवळ ओ-रिंग आणि सील हाउसिंगच्या घासाईवर टिकतो. तिथे मापात थोडीही गफलत चालत नाही. बिननावाच्या नकलेत नेमके हेच गळते. त्यानंतर लॉकर अर्धवट लागतो, दात्यांची टोके झिजतात, आणि सुटा भाग मिळत नसल्याने संपूर्ण एक्सल पुन्हा उघडावा लागतो. पैसे कमी असतील तर नकली हवेच्या लॉकरऐवजी अस्सल लंचबॉक्स घ्यावा. तोही आपल्या वापराला बसत नसेल तर थांबावे.

स्टार पिनियनना वेल्डिंग मारून डिफरन्शिअल कायमचा लॉक करून देणारेही भेटतील. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत ते करू नये. वळताना टायर घासले जातात, एक्सल शाफ्टवर ताण साठत जातो आणि तो तुटतो तेव्हा जागा निवडून तुटत नाही.

५. ऑर्डर देण्यापूर्वी एक्सल उघडून मोजा

‘अमुक मॉडेलला बसतो’ एवढ्या शब्दावर आगाऊ रक्कम पाठवू नये. आपल्याकडच्या जुन्या जीपांचे एक्सल अनेकदा बदललेले असतात आणि आरसीवरच्या मॉडेलचा आतल्या लोखंडाशी संबंध उरलेला नसतो. पुढील गोष्टी स्वतः पाहून वहीत लिहाव्यात.

पहिली, एक्सल शाफ्टच्या स्प्लाइनची, म्हणजे टोकावरच्या उभ्या खाचांची, संख्या. डाना ४४ या एक्सलचे नाव एकच असले तरी जुन्या शाफ्टना १९ आणि नंतरच्यांना ३० स्प्लाइन आढळतात. १९ वाला लॉकर ३० च्या शाफ्टवर जाणार नाही. दुसरी, क्राउन (एक्सलमधला मोठा गिअर) आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) यांचे दाते. क्राउनला ४१ आणि पिनियनला ११ दाते असतील तर रेशो ३.७३ येतो. हा आकडा महत्त्वाचा असतो, कारण काही एक्सलमध्ये रेशोनुसार केजची जाडी बदलते. डाना ४४ मध्ये ३.७३ आणि त्याखालील रेशोचा केज वेगळा, तर ३.९२ आणि त्यावरचा वेगळा. तिसरी, केज दोन भागांचा आहे की एकसंध, बेअरिंगचे क्रमांक काय आहेत, आणि जुन्या केजच्या आतल्या बाजूला, जिथे सन गिअर टेकतो तिथे, घासून खोलगट झाले आहे का. लंचबॉक्स घेणाऱ्याने ही शेवटची गोष्ट विशेष पाहावी. झिजलेल्या केजमध्ये नव्या जोडण्यांमधले अंतर उत्पादकाने दिलेल्या मर्यादेबाहेर जाते आणि दाते नीट पकड घेत नाहीत.

६. संपूर्ण खर्च एका कागदावर मांडा

नुसत्या लॉकरच्या किमतींची तुलना फसवी असते. लंचबॉक्सच्या खर्चात लॉकर, तेल, गॅस्केट आणि मजुरी एवढेच येते. हवेच्या लॉकरला त्यावर कॉम्प्रेसर, वायरिंग, दोन्ही बाजूंची केज बेअरिंग, शिम (अंतर जुळवण्याच्या पातळ चकत्या), सील आणि क्राउन-पिनियन नव्याने जुळवण्याची मजुरी धरावी लागते. माल परदेशातून येत असेल तर सीमाशुल्क आणि वाहतूक कोणाच्या माथी, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. जुन्या दराने काढलेले कोटेशन समोर आले तर तसे सांगून नवे मागावे.

बिलाशिवाय थोडे स्वस्त देण्याची तयारी दाखवणारे असतातच. वॉरंटीचा दावा बिलावर आणि अनुक्रमांकावर होतो, हे लक्षात ठेवून त्या मोहापासून दूर राहावे.

७. एकच घ्यायचा असेल तर मागे

चढावर वजन मागच्या चाकांवर जाते, त्यामुळे पहिला लॉकर मागेच बसवावा. पुढचा लॉकर लागल्यावर स्टिअरिंग जड होते आणि गाडी सरळच जाऊ पाहते. त्यात चाके पूर्ण वळवून जोर दिला तर चाकाकडचा वळता सांधा (सीव्ही जॉइंट किंवा यू-जॉइंट) तुटण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. पुढे लंचबॉक्स बसवायचा झाल्यास मोकळे करता येणारे फ्री व्हील हब असलेल्या जुन्या जीपमध्येच तो सुसह्य ठरतो, कारण हब मोकळे असताना डांबरावर त्याची जाणीवही होत नाही.

८. कागदपत्रे आणि साहित्य

हे सर्व एका फाइलमध्ये ठेवावे:

- आरसी आणि चालू विमा पॉलिसी.
- लॉकरचे जीएसटी बिल, वॉरंटी कार्ड आणि लॉकरवरील अनुक्रमांकाचा फोटो.
- स्प्लाइन, रेशो आणि बेअरिंग क्रमांकांची टिपण.
- विमा कंपनीला बदलाची माहिती दिल्याची पोच.
- उत्पादकाचे बसवण्याचे सूचनापत्र, छापील स्वरूपात.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. डिफरन्शिअलच्या आतला भाग आरसीवर लिहिलेला नसतो. पण लॉकरसोबत मोठे टायर आणि उंच सस्पेन्शनही केले जाते आणि प्रश्न तिथे उभा राहतो. एमएच १०, एमएच ११ किंवा एमएच ५०, ज्या कार्यालयाची गाडी असेल तिथे आधी विचारणा करावी. गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल, तर एक्सल उघडल्यावर त्या भागाची वॉरंटी मिळेल असे गृहीत धरू नये.

९. मिस्त्री निवडणे आणि काम समोर उभे राहून करून घेणे

या कामात लॉकरच्या किमतीपेक्षा बसवणाऱ्याचा हात महत्त्वाचा आहे. निवडीसाठी एकच प्रश्न पुरतो: ‘डायल गेज आहे का, आणि पॅटर्न काढून दाखवाल का?’ डायल गेज म्हणजे दात्यांमधली सूक्ष्म ढील, म्हणजेच ‘प्ले’, मोजणारे उपकरण, आणि पॅटर्न म्हणजे दाते एकमेकांना कुठे टेकतात त्याचा ठसा. ‘अंदाजाने प्ले ठेवतो, वीस वर्षांचा अनुभव आहे,’ असे उत्तर आले तर नमस्कार करून निघावे. ट्रक-टेम्पोचे एक्सल रोज उघडणारे चांगले कारागीर सांगली, मिरज आणि कऱ्हाड परिसरात आहेत, आणि शिम किंवा बुश बनवून घ्यायची वेळ आली तर कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतले लेथवाले ते करून देतात.

केज बदलला की क्राउन-पिनियनची जुळवणी नव्याने करावी लागते. क्राउनच्या पाच-सहा दात्यांवर मार्किंग पेस्ट ब्रशने पातळ लावायची, पिनियनला थोडा विरोध देत क्राउन दोन्ही दिशांना फिरवायचा आणि मग टॉर्च लावून पाहायचे. पिनियनच्या दात्याने जिथे पेस्ट पुसली आहे तो लांबट ठसा दात्याच्या मध्यभागी हवा. तो मुळाशी गेला असेल तर पिनियन खोल बसला आहे, टोकाशी असेल तर उथळ. त्यानंतर डायल गेज लावून प्ले मोजायचा. डाना ४४ साठी तो साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असतो, इतर एक्सलसाठी त्यांच्या पुस्तकातला आकडा धरावा. ठसा आणि प्ले दोन्ही बसेपर्यंत शिम बदलत राहायचे, मग त्यात दुपारची संध्याकाळ झाली तरी चालेल. मिस्त्रींना घाई करू नये, आणि चहा आपण सांगावा.

क्राउनचे बोल्ट नवे, लॉकिंग पेस्ट लावून आणि टॉर्क पान्यानेच आवळावेत. एक्सलच्या हाउसिंगमध्ये जुन्या लोखंडाचा चुरा राहता कामा नये. डिझेलने धुऊन, पुसून, हवा मारून घ्यावे. हवेची नळी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर न्यावी आणि एक्सल पूर्ण खाली लोंबकळतो तेव्हाही तिला ताण येणार नाही इतकी ढील ठेवावी. दोन्ही एक्सलला लॉकर असतील तर मागचा लागल्याशिवाय पुढचा लागणार नाही अशी वायरिंग करून घ्यावी. तेल उत्पादकाने सांगितलेल्या ग्रेडचेच घालावे. एलएसडीसाठीचे (लिमिटेड स्लिप डिफरन्शिअलसाठीचे) घर्षण बदलणारे मिश्रण लॉकरला लागत नाही.

१०. चाचणी आणि पहिले काही दिवस

गॅरेजमध्येच गाडी स्टँडवर घेऊन, इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रलला ठेवून चाक हाताने फिरवावे. लॉकर बंद असताना दुसरे चाक उलट फिरते, लावल्यावर त्याच दिशेने फिरते. लंचबॉक्समध्ये सूचनापत्रातील क्रमाने हीच तपासणी होते. हवेच्या लॉकरमध्ये कॉम्प्रेसर एकदा भरून बंद झाल्यावर, लॉकर लावलेला असताना, तो लगेच पुन्हा सुरू होता कामा नये. झालाच तर साबणाचे पाणी लावून गळती शोधावी. काही महिन्यांनी सोलेनॉइडच्या तोंडातून गिअर ऑइल येऊ लागले, तर आतला सील गेला असे समजावे.

मैदानी चाचणी स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या रानात करावी. कासच्या पठारावर चाक घालू नये, आणि कोयना-चांदोलीचे जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते, तिथे तर विचारही नको. लॉकर गाडी थांबवून किंवा अगदी सावकाश असताना, चाके फिरू लागण्याआधी लावावा. चाक जोरात फिरत असताना लावला तर दात्यांवर आघात बसतो. कठीण जागा संपताच तो सोडावा. बटण बंद केल्यावरही दिवा लगेच विझला नाही, तर शाफ्टमध्ये ताण अडकलेला असतो. स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवत पुढे-मागे झाले की तो सुटतो.

नव्याने जुळवलेल्या क्राउन-पिनियनवर पहिले काही दिवस जड ओढकाम किंवा सलग वेगाचा प्रवास टाळावा, थोडे चालवून एक्सल थंड होऊ द्यावा, आणि साधारण ८०० किलोमीटरनंतर तेल बदलावे. ते तेल स्वच्छ पातेल्यात काढून चुंबक फिरवून पाहावे. चुंबकावर करडा, मऊ लेप आला तर तो नव्या दात्यांच्या घासाईचा आहे. बोटाला टोचणारे कण किंवा चकत्या सापडल्या, तर गाडी तिथेच उभी करून मिस्त्रींना फोन लावावा आणि ते तेल बाटलीत भरून, फाइलमधल्या बिलासह त्यांच्यासमोर ठेवावे.